बाटलेल्या लेकीचं वावर

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. प्रार्थनेनंतर एखादी बाई हळूच बाजूला घेते आणि विचारते, "ताई, बाप्तिस्मा घेतल्यावर बापाच्या वावरातला हिस्सा जातो का?"

जात नाही. माझा गेला नाही, पण सुखासुखी मिळालाही नाही.

बाबांच्या तेरवीला दादानं साडीसोबत हक्कसोडीचा कागद पुढे केला. आमच्या यवतमाळकडे सही न करणारी बहीण तशीही वाईटच. माझ्यासाठी तर जास्तीचं कारण तयार होतं. "तू तं बाटली. आता तुहा काय हिस्सा?" कागदावर वरणाचा पिवळा डाग पडला होता, मी त्याच्याकडेच बघत बसले. साडी घेतली, सही केली नाही.

दादानं वारस नोंदीवर हरकत घेतली. तलाठीही म्हणाले, "धर्म बदलला ना तुमचा?" वकिलानं १९५६ चा हिंदू उत्तराधिकार कायदा काढला. धर्म बदलणाऱ्याचा स्वतःचा वारसा त्यानं जात नाही. धर्म बदलला की हिस्सा गेला, ही अट कंपनी सरकारनं तर १८५० मध्येच मोडली होती. वावर बाबांनी स्वतः घेतलेलं, मृत्युपत्र नाही. आई, दोन भाऊ आणि मी, सहा एकरांत दीड-दीड एकर. मंडळ अधिकाऱ्यांनी माझं नाव धरलं.

मग वकिलानं विचारलं, "लेकरं बाप्तिस्म्याच्या आधीची का नंतरची?" थोरली आधीची, धाकटा नंतरचा. त्याच १९५६ च्या कायद्याचं कलम २६ तिथं आडवं येतं. धर्मांतरानंतर जन्मलेलं मूल वारसा उघडताना स्वतः हिंदू नसेल, तर त्याला हिंदू नातेवाइकाचं काही मिळत नाही. म्हणजे बाबांच्या आधी मी गेले असते, तर माझ्या जागी एकटी थोरली उभी राहिली असती. तीही ख्रिस्तीच, पण कायदा तिची जन्मतारीख बघतो! एका ताटात जेवणारी भावंडं ही. आता जमीन माझ्या नावावर आली आणि मी ख्रिस्ती, म्हणून मी गेल्यावर १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागेल. नवऱ्याला तिसरा हिस्सा, उरलेलं दोघांना सारखं.

माझ्या बौद्ध मैत्रिणीला हे ऐकून हसू येतं. नागपुरात दीक्षा झाली त्याच वर्षीचा हा कायदा, आणि त्यात बौद्धही हिंदूंच्याच रांगेत. तिच्या घरी भांडणं भरपूर झाली, हे मात्र कधी निघालं नाही.

सातबाऱ्यावर नाव लागलं, पण माझा हिस्सा वेगळा करणारा धुरा, म्हणजे बांध, अजून पडलेला नाही. पीक दादाच काढतो. यंदा आईनं पायलीभर तुरीची डाळ पाठवली. निरोप होता, "तुह्याच वावरातली हाय, दादाले सांगू नोको."