गच्चीची किल्ली आणि ५५ कर्कचा सहचर

मुंबईच्या उजळलेल्या आकाशातून तेराव्या प्रतीचा तारा (प्रत म्हणजे तेजाचं माप; आकडा जितका मोठा, तितका तारा अंधुक) टिपता येतो, हे आता मी ठामपणे सांगू शकते. त्याहून अवघड गेलं ते सोसायटीच्या गच्चीची किल्ली मिळवणं.

मला कर्क राशीतल्या ५५ कर्क या ताऱ्याचा सहचर, म्हणजे जोडीचा तारा, कॅमेऱ्यात टिपायचा होता. मुख्य तारा सूर्यासारखा, ४१ प्रकाशवर्षांवर, त्याला पाच ज्ञात ग्रह, आणि ८५ विकलांवर (विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) एक लाल बटू, म्हणजे लहान, मंद लाल तारा. मुख्य तारा सहाव्या प्रतीचा, म्हणजे तेजात सहाशे पटींचा फरक. ग्रहमालेतले असे सहचर शोधावेच लागतात. ग्रह शोधणाऱ्या टेस या अवकाश दुर्बिणीचा एक पिक्सेल २१ विकलांचा असतो. त्यात दुसरा तारा लपला, तर त्याचा प्रकाश मिसळून अधिक्रमणाची खाच (ग्रह ताऱ्यासमोरून जाताना प्रकाशात होणारी घट) उथळ होते आणि ग्रह लहान भासतो.

दुर्बीण, माउंट (ताऱ्यामागे दुर्बीण फिरवणारा स्टँड), कॅमेरा सगळं जमलं. मग अर्ज दिला.

“ताई, वॉटरप्रूफिंग आत्ताच झालंय. कमिटीत ठेवतो,” सेक्रेटरी म्हणाले. मीटिंगला कोरम झाला नाही. पुढच्या वेळी इनवर्ड रजिस्टरला नोंद असूनही अर्जच सापडेना. मग कोणीतरी शंका काढली, ही समोरच्या बिल्डिंगमध्ये बघणार नाही कशावरून? शंका रास्तच होती, पण मला बोलावून विचारलं असतं तर पाच मिनिटांत मिटली असती. ती महिनोन्‌महिने कागदावर पडून राहिली. तोवर कर्क रास पश्चिमेला कलली, मागोमाग पावसाळा आला. पूर्ण मोसम हातचा गेला, याचा राग अजून आहे.

दुसऱ्या अर्जात सगळं लिहून दिलं: सामानाचं वजन, पायांखाली रबरी पॅड, ड्रिलिंग नाही, वीज स्वतःच्या बॅटरीची, किल्ली वॉचमनकडे सही करून परत. वरच्या मजल्यावरच्यांच्या सह्या जोडल्या. कमिटीतल्या काकांना कंपाउंडमध्येच गुरूचे चंद्र दाखवले. ते मीटिंगमध्ये माझ्या बाजूने बोलले, आणि मंजुरी मिळाली.

माउंट सहसा ध्रुवताऱ्याकडे रोखून लावतात, पण आपल्याकडे ध्रुव जेमतेम १९ अंश वर असतो आणि आमच्या पाण्याच्या टाकीने तोही झाकला होता. त्यामुळे माउंट ड्रिफ्ट पद्धतीने, म्हणजे इतर तारे कसे सरकतात ते बघून, लावलं. लांब एक्स्पोजर देऊ नका, आकाशच पांढरं होतं. काही सेकंदांच्या भरपूर फ्रेम घेऊन स्टॅक करा, म्हणजे एकावर एक रचून एकच फोटो बनवा. मुख्य ताऱ्याच्या झगमगाटाबाहेर, आग्नेयेला, तो ठिपका उमटला तेव्हा मी रात्री दीड वाजता आईला उठवून दाखवला.

तो खरंच सोबती आहे हे पटवायला १९५० च्या दशकातल्या पालोमार वेधशाळेच्या आकाश सर्वेक्षणाची स्कॅन केलेली फोटो प्लेट उघडा. ती फुकट मिळते. ५५ कर्क वर्षाला अर्धा विकला सरकतो. सत्तर वर्षांत दोघेही सारखेच सरकलेत, आसपासचे तारे मात्र जवळपास जागच्या जागी.

हो, लाल फिल्टर लावा. लाल बटू त्यात तुलनेने उजळ दिसतो. आणि कर्क जानेवारी ते मार्चमध्ये उत्तम असते, तेव्हा गच्चीचा अर्ज दिवाळीआधीच द्या, पोच घेऊन.