तुम्ही विचारलंत म्हणून: मॉड्युलर लॅपटॉपला टच आणि पेन नंतर बसवता येईल का?

म्हापसा-मडगावच्या कॉलेजांत शिकवणारे, फर्मागुडीला इंजिनिअरिंग करणारी मुलं, घरून चित्रं काढून देणारे कलाकार, या सगळ्यांचा प्रश्न थोड्याफार फरकाने एकच असतो. फ्रेमवर्क कंपनीच्या लॅपटॉपसारखा, आपला आपण उघडून दुरुस्त करता येणारा लॅपटॉप घ्यायचाय. त्यात रॅम बदलते, बॅटरी बदलते, अख्खा मदरबोर्डही बदलतो. मग आज साधी स्क्रीन घेऊन उद्या टच आणि पेन बसवता येईल का?

फ्रेमवर्कच्या 13 इंची मॉडेलपुरतं उत्तर ‘नाही’ असं आहे. पेनने लिहायचंच असेल, तर पेन चालणारं मॉडेल पहिल्यापासून घ्या.

स्क्रीन बदलण्याचं काम तसं अवघड नाही, म्हणूनच हा मोह होतो. लॅपटॉप बंद करायचा, खालचे पाच टी-5 (चांदणीसारख्या खाचेचे) स्क्रू सैल करायचे (ते निघून पडत नाहीत, जागीच राहतात), कीबोर्डचा भाग अलगद उचलून त्याची रिबन केबल सोडवायची, बॅटरीचा कनेक्टर काढायचा. स्क्रीनभोवतीची चौकट चुंबकावर बसलेली असते, ती नखाने निघते. मग पॅनेलचे स्क्रू आणि मागची ईडीपी केबल, म्हणजे बोर्डाकडून स्क्रीनला चित्र पुरवणारी. सवयीच्या हाताला अर्धा तासही लागत नाही.

अडतं ते पुढे. या लॅपटॉपची मूळ स्क्रीन 13.5 इंची, 2256 बाय 1504. मायक्रोसॉफ्टच्या सरफेस लॅपटॉपच्या 13.5 इंची टचस्क्रीनचं रिझोल्यूशनही नेमकं तेवढंच. आकडे जुळले म्हणून पॅनेल मागवण्याचा बेत ठरतो. पण स्क्रूच्या जागा, जाडी आणि कनेक्टरमधल्या पिनांचा क्रम हे तिन्ही जुळल्याशिवाय रिझोल्यूशन जुळून काही उपयोग नाही. यात सगळ्यात धोक्याचा पिनांचा क्रम. ईडीपीच्या त्याच केबलमधून बॅकलाइटची वीजही जाते, आणि तिचा दाब डेटाच्या पिनांपेक्षा कितीतरी जास्त असतो. चुकीच्या केबलने तो डेटाच्या पिनेवर गेला, तर पॅनेल जातं, कधी बोर्डही.

समजा चित्र उमटलं. टचचा मार्ग वेगळाच असतो. टच कंट्रोलर, म्हणजे स्पर्श ओळखणारी चिप, बहुधा आय-स्क्वेअर-सी (बोर्डावरच्या चिपांची आपसातली जोडणी) किंवा यूएसबीवर बोलतो. यूएसबीला चार तारा पुरतात आणि ऑपरेटिंग सिस्टिम त्याला आपोआप ओळखते. आय-स्क्वेअर-सीला डेटा, क्लॉक, इंटरप्ट, रीसेट, वीज आणि ग्राउंड अशा सहा तारा लागतात. शिवाय बायोसमधल्या (लॅपटॉप सुरू करणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरमधल्या) एसीपीआय टेबलात, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमला हार्डवेअरची माहिती देणाऱ्या यादीत, त्या कंट्रोलरचा पत्ता आणि इंटरप्ट यांची नोंद असावी लागते. नोंद नसेल तर तारा अचूक जोडूनही विंडोज किंवा लिनक्सला तिथे टच असल्याचा पत्ता लागत नाही. जोडकाम करणारे चांगले कारागीर इथेच अडकतात, आणि दोष त्यांच्या हाताचा नसतो.

बिजागरीचाही विचार करा. 13 इंची मॉडेलचं झाकण 180 अंशांपर्यंत उघडतं, उलटं फिरत नाही. म्हणजे स्क्रीन टेबलावर आडवी केलीत तरी ती कीबोर्डच्या पलीकडे राहते, मनगट टेकायला जागा नाही. उभ्या स्क्रीनवर पेन टेकवलात की ती मागे झुलते. वरून काचेचं वजन: या मापाची 0.7 मिलिमीटर जाड काच भरते सुमारे 95 ग्रॅम, तेही झाकणात, बिजागरीपासून लांब. फ्रेमवर्ककडे 3.3 आणि 4 किलोच्या (हे वजन नव्हे, घट्टपणाचं माप) बिजागऱ्या सुट्या मिळतात, पण घट्ट बिजागरीने फक्त झुलणं कमी होतं, लिहिण्याचा कोन मिळत नाही.

फेब्रुवारी 2025 मध्ये जाहीर झालेल्या फ्रेमवर्क लॅपटॉप 12 मध्ये हे सगळं मुळापासून धरलेलं आहे. 12.2 इंची टचस्क्रीन, 1920 बाय 1200, झाकण पूर्ण 360 अंश फिरतं, आणि पेनसाठी एमपीपी 2.0 व यूएसआय 2.0 हे दोन्ही प्रोटोकॉल (पेन आणि स्क्रीन यांच्या आपसात बोलायच्या भाषा) चालतात. तडजोडी आहेत: रॅमचा स्लॉट एकच, कमाल 48 जीबी, एसएसडी आखूड 2230 मापाची, प्रोसेसर इंटेलच्या 13व्या पिढीचे. रंगांचा पल्ला एसआरजीबीही (स्क्रीनवरच्या रंगांचं सर्वसाधारण प्रमाण) पूर्ण भरत नाही. त्यामुळे नोट्स, गणितं, आकृत्या यांसाठी मी तो बिनधास्त सुचवतो. छपाईसाठी रंगीत काम करणाऱ्यांना नाही.

प्रोटोकॉलची बाब दुकानात कुणी सांगत नाही, म्हणून इथे जरा थांबतो. ‘स्टायलस सपोर्ट’ एवढं वाचून पेन घेऊ नका. एमपीपी हा मायक्रोसॉफ्टचा, यूएसआय हा अनेक कंपन्यांचा सामाईक, एईएस आणि ईएमआर हे वॅकॉमचे. सॅमसंगचा एस पेन ईएमआरवर चालतो, तो वरच्या 12 इंची स्क्रीनवर रेघही उमटवणार नाही. ॲपल पेन्सिल तर आयपॅडबाहेर निरुपयोगीच. ईएमआर पेनात बॅटरी नसते, कारण त्याला वीज स्क्रीनमागच्या जाळीतून मिळते. टिकाऊपणात त्याला तोड नाही, पण ती जाळी झाकणात मुळातच हवी. बाकीच्या पेनांत बॅटरी असते, आणि दुरुस्तीची आस्था असणाऱ्याने तिथेही पाहावं. चार्जिंगच्या पेनातली लिथियम बॅटरी बहुधा चिकटवलेली, ती संपली की पेन संपला. बारीक एएएए सेलवाला पेन जास्त वर्षं जातो, पण तो सेल गावच्या दुकानात सहज मिळत नाही. दोन जास्तीचे आणून ठेवा, आणि पेन महिनाभर पडून राहणार असेल तर सेल काढून ठेवा, नाहीतर आतच गळतो.

आता आपल्या गोव्यातली गोष्ट. पेनची रेघ थरथरते, बोट न लावता स्क्रीन आपोआप दाबली जाते, अशी तक्रार आली की आधी चार्जर काढा. पट्टी धरून एक तिरकी रेघ अगदी सावकाश ओढा. बॅटरीवर सरळ आणि चार्जरवर नागमोडी आली, तर स्क्रीनमध्ये दोष नाही, बहुधा घरच्या अर्थिंगमध्ये किंवा चार्जरमध्ये आहे. जुन्या घरांत तीन पिनांचं सॉकेट असतं, पण तिसऱ्या पिनेला तारच नसते. असली तरी जांभ्या दगडाच्या जमिनीतला अर्थिंगचा खड्डा मे महिन्यापर्यंत कोरडाठाक होतो. वायरमनला बोलावून अर्थिंग मोजून घ्या, खड्ड्यात पाणी घाला. हे न करता पॅनेल बदलण्यात पैसे फुकट जातात.

किनाऱ्याजवळ राहणाऱ्यांनी लिहिण्याआधी स्क्रीन मऊ फडक्याने पुसावी, घासू नये. वाळूतला क्वार्ट्‌झ काचेपेक्षा कठीण, निबखाली एक कण आला तरी कायमचा ओरखडा. आणि पावसाळ्यात खाऱ्या दमट हवेने रिबनच्या कनेक्टरवर हिरवट थर धरतो. टच मध्येच जाऊन मध्येच येत असेल, तर बॅटरीचा कनेक्टर काढून ती केबल आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि पूर्ण वाळल्यावर परत बसवा.

काच फुटली तर? टचस्क्रीनमध्ये काच पॅनेलला बहुधा पारदर्शक गोंदाने चिकटवलेली असते. मध्ये हवेचा थर राहिला तर निब आणि रेघ यांत अंतर दिसतं, म्हणून ते चिकटवणं योग्यच. पण मग नुसती काच बदलणं घरचं काम राहत नाही, पूर्ण पॅनेल बदलावं लागतं. त्यामुळे घेण्याआधी पॅनेल सुटं मिळतं का आणि किती किमतीला, हे नक्की विचारा.

13 इंचीवाल्यांनी कंपनीकडे मागायचं असेल तर नुसता ‘टच द्या’ म्हणून भागणार नाही. पूर्ण झाकणाचा संच मागा: पॅनेल, काच, फिरणारी बिजागरी, केबल, आणि टच यूएसबीवर, म्हणजे जुन्या बोर्डांच्या बायोसला हात लावावा लागणार नाही. त्या लॅपटॉपचा वेबकॅम आतून यूएसबीवरच चालतो, तेव्हा मागणी अवाजवी नाही.

तोवर 13 इंची लॅपटॉप घेतलेला असेल तर यूएसबीने जोडायचा साधा पेन टॅब्लेट (स्क्रीन नसलेली, पेनने लिहायची पाटी) घ्या, ईएमआर पेनवाला, ए5 च्या आसपासचा. हात टेबलावर आणि नजर स्क्रीनवर, याची सवय व्हायला थोडे दिवस जातात. पण लॅपटॉप बदललात तरी तो टॅब्लेट चालतोच, आणि निब झिजली की चिमट्याने ओढून दुसरी बसवायची.