मधला भाग उठलाच नाही

दुपारी अडीचला ओव्हनच्या काचेतून पाहिलं तेव्हा एरोजेलच्या तिन्ही प्लेटा आकसून जवळजवळ निम्म्या झाल्या होत्या. नवीन मुलगा घाबरला. "मॅडम, गेल्या या. बंद करू?" मी म्हटलं, थांब, हात लावू नकोस.

एरोजेल म्हणजे बारीक छिद्रांचा, बहुतेक हवाच भरलेला हलका घन. त्यात सगळी लढाई वाळवण्याची. ओल्या सिलिका जेलमधला द्रव नुसता उडू दिला, तर पृष्ठताण बारीक छिद्रांच्या भिंती आत ओढतो. त्या एकमेकींना चिकटतात आणि हाती कडक खडा उरतो. 1931 साली अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ सॅम्युअल किस्लर यांनी द्रव क्रांतिक बिंदूपलीकडे, म्हणजे द्रव-वायू हा फरकच उरत नाही अशा तापमान-दाबाला, नेऊन पृष्ठताणच संपवला. आजही कार्बन डायऑक्साइड 31 अंश आणि 74 बारच्या वर नेऊन तेच करतात, पण त्यासाठी जाड भिंतीचं दाबपात्र लागतं. आम्ही साध्या दाबावर वाळवतो. आधी जेलमधलं पाणी-अल्कोहोल काढून हेक्झेन भरायचं, मग टीएमसीएस (ट्रायमिथाइलक्लोरोसिलेन) या रसायनाने सिलिकाच्या पाणी धरून ठेवणाऱ्या हायड्रॉक्सिल गटांवर मिथाइलचं अस्तर चढवायचं. असं अस्तर असलेल्या भिंती जवळ आल्या तरी चिकटत नाहीत. शेवटचा द्रव गेला की जेल आपणहून परत फुगतं. याला आम्ही स्प्रिंग-बॅक म्हणतो. इतक्या वर्षांनीही ते बघताना मी खुर्ची सोडत नाही.

चारच्या सुमाराला कडा पांढरट झाल्या आणि हळूहळू वर यायला लागल्या. एक प्लेट पूर्ण उठली, निळसर, अखंड. उरलेल्या दोघींच्या नुसत्या कडा उठल्या. मध्ये काचेसारखा दाट डाग तसाच राहिला आणि त्याच्याभोवती गोल तडा गेला.

संध्याकाळी तुटलेला तुकडा घेऊन त्यावर पाण्याचे थेंब टाकले. कडेवरचा थेंब मोत्यासारखा घरंगळला. मधला आत शिरला आणि त्या जागी तुकडा बारीक चिरत गेला. म्हणजे मध्यापर्यंत अस्तर पोचलंच नव्हतं.

आमच्या नेहमीच्या प्लेटा 10 मिलिमीटरच्या, त्यांना धुवायला, म्हणजे आतलं पाणी-अल्कोहोल काढून हेक्झेन भरायला, 3 दिवस पुरतात. या 25 च्या होत्या. विसरणाला, म्हणजे द्रव आपोआप आतबाहेर पसरायला, लागणारा वेळ जाडीच्या वर्गाने वाढतो; अडीचपट जाडीला सव्वासहापट, म्हणजे जवळपास 19 दिवस. आम्ही 6 दिले. जाड प्लेट पाहुण्यांना दाखवायची होती आणि तारीख ठरलेली होती. धुण्याचे दिवस वरच्यांना रिकामे वाटतात, कारण डब्यात काहीच घडताना दिसत नाही. पण त्या तक्त्यावर सही माझी आहे. वर्गाचं गणित मला पाठ असताना मी ती केली, हे मला अजून सलतं.

आणि ती पूर्ण उठलेली तिसरी प्लेट. तिन्ही एकाच घाण्यातल्या, एकाच दिवशी धुवायला घातलेल्या. फक्त ती मोठ्या डब्यात होती, कारण लहान डबे दोनच रिकामे होते. तिच्याभोवती हेक्झेन जास्त असणार, म्हणून आतलं अल्कोहोल बाहेर येऊन त्यात अधिक पातळ झालं असणार. पण एवढ्याने 13 दिवसांची तूट भरून निघाली असेल? त्या डब्यात हेक्झेन किती ओतलं, ते वहीत कुणीच लिहिलं नाही. मुलाला विचारलं, तर तो म्हणाला, "प्लेट बुडेपर्यंत."

सोमवारी त्याच तीन डब्यांत 25 च्या तीन प्लेटा पुन्हा घातल्या आहेत. या वेळी हेक्झेन मी स्वतः मोजून ओतलं.