निधनाच्या नोंदी : तिसरा महिना

मंडळी, या महिन्यात नवा लेख एकही लिहिला नाही. मराठी विकिपीडियावरचे अठरा चरित्रलेख घेऊन बसले होते. सगळ्यांत मृत्यूची तारीख होती, संदर्भ मात्र एकालाही नव्हता. अकरा लेखांना पक्का संदर्भ मिळाला. चार लेखांत तारीख एका दिवसाने पुढे गेलेली निघाली. तीन अडकलेत.

एका दिवसाची ही चूक कुठून येते ते ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात जुने अंक चाळताना उलगडलं. सोमवारी गेलेल्या माणसाची बातमी मंगळवारच्या अंकात येते आणि कुणीतरी अंकाचीच तारीख उतरवून घेतो. आता मी आधी बातमीतलं ‘काल पहाटे’ किंवा ‘सोमवारी रात्री’ शोधते आणि मगच अंकाची तारीख बघते.

पण खरी कसोटी लागली ती एका रात्री. एका ज्येष्ठ अभिनेत्यांच्या लेखात कुणीतरी मृत्यूची तारीख घातली, सगळीकडचं ‘आहेत’चं ‘होते’ केलं आणि शेवटी ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ही लिहिली. संदर्भ म्हणून सहा बातम्या जोडलेल्या. सहाही उघडून शेजारी शेजारी ठेवल्या, तर वाक्यं तीच आणि रुग्णालयाच्या नावातली चूकही तीच. कुटुंबातलं कुणी बोललेलं नाही, डॉक्टरांचं निवेदन नाही. सगळ्या एकाच ट्विटवर उभ्या होत्या. म्हणजे सहा बातम्या, पण मूळ एक. मी संपादन उलटवलं, चर्चा पानावर कारण लिहिलं आणि जागी राहिले. सकाळी कुटुंबीयांनी सांगितलं की उपचार चालू आहेत.

ज्यांनी नोंद केली होती त्यांना वेगळा निरोप लिहिला. त्यांचा हेतू वाईट नव्हता, आवडत्या माणसाबद्दलची हळहळच होती ती. त्यांना विक्रम गोखले यांचं उदाहरण दिलं. २३ नोव्हेंबर २०२२ च्या रात्री त्यांच्या निधनाची बातमी सगळीकडे पसरली, लोकांनी श्रद्धांजल्या वाहिल्या, आणि कुटुंबाला ते हयात असल्याचं सांगावं लागलं. त्यांचं निधन झालं २६ नोव्हेंबरला, पुण्यात. मधले तीन दिवस त्या घराने काय सोसलं असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही. ज्ञानकोशाला बातमी पहिल्यांदा देण्याची घाई कशाला हवी?

मोठ्या पदावरच्या माणसाने सांगितलं म्हणूनही थांबणं सोडू नये. २२ मार्च १९७९ रोजी पंतप्रधान मोरारजी देसाईंनी जयप्रकाश नारायण गेल्याचं लोकसभेत जाहीर केलं, तेव्हा जेपी मुंबईत जसलोक रुग्णालयात जिवंत होते. ते गेले ८ ऑक्टोबरला. आणि समाजमाध्यमांवरच्या स्वतःच्या खात्यावरची घोषणा? फेब्रुवारी २०२४ मध्ये अभिनेत्री पूनम पांडे यांच्या इन्स्टाग्राम खात्यावरून त्यांच्या मृत्यूची घोषणा झाली आणि दुसऱ्या दिवशी त्या स्वतःच समोर आल्या. म्हणून माझी अट अशी : कुटुंब किंवा रुग्णालय यांच्या नावानिशी निवेदन, शिवाय स्वतंत्रपणे चौकशी केलेली निदान एक बातमी. चार वृत्तपत्रांनी पीटीआय या वृत्तसंस्थेचीच बातमी छापली असेल तर ती मी एकच धरते.

विकिडेटाकडे, म्हणजे सगळ्या भाषांतल्या विकिपीडियांच्या सामायिक माहितीसाठ्याकडे, विशेष लक्ष ठेवा. तिथे मृत्युदिनांक चुकला की ज्या भाषांच्या माहितीचौकटी (लेखाच्या बाजूचे माहितीचे तक्ते) तिथून तारीख उचलतात, तिथे तिथे तो उमटतो. आपल्याकडचा लेख दुरुस्त करून भागत नाही, मुळातली नोंदही बघावी लागते.

भाषेचंही थोडं. ‘स्वर्गवासी झाले’, ‘अनंतात विलीन झाले’ हे मी ‘निधन झाले’ असं करते. क्रियापदं बदलताना मात्र जपून : माणूस ‘अभिनेते होते’, पण त्यांचं पुस्तक ‘कादंबरी आहे’च राहतं. दोन लेखांत पुस्तकंसुद्धा भूतकाळात गेली होती, ती परत आणली.

अडकलेल्या तिघांपैकी एका कवींची तारीख दोन स्मरणलेखांत वेगवेगळी आहे. खात्री होईपर्यंत लेखात फक्त वर्ष ठेवलंय आणि चर्चा पानावर दोन्ही तारखा नोंदवल्यात. येत्या शनिवारी त्या महिन्याचे अंक बघायला पुन्हा ग्रंथसंग्रहालयात जाणार आहे. नौपाड्यातलं कुणी सोबत येणार असेल तर कळवा, दोघांत अंक लवकर चाळून होतील.