डाव कोणाच्या हाती असावा?

गोव्यातल्या आमच्या फोंड्याच्या घरी दुपारचे शीत-हुमण, म्हणजे भात आणि माशाची आमटी, सासूबाई वाढत. सात वर्षांच्या मुलासमोर येणारे ताट मोठ्यांच्याच मापाचे असायचे. त्यात उकड्या तांदळाच्या भाताचा ढीग, त्यावर बांगड्याचे हुमण आणि कडेला, जागा उरलीच तर, चमचाभर तांबडी भाजी (लाल माठ) असे. पोट भरले की मुलगा भात काठाकडे सारू लागे, मधोमध स्टीलचा चकचकीत तळ दिसू लागे आणि नेमक्या त्याच क्षणी "मातशें जेव, पुता" (थोडे जेव, बाळा) असे म्हणत सासूबाई तिथे आणखी एक डाव भात घालत. ज्या पिढीने पेजेवर दिवस काढले तिची ही माया आहे, हे मी जाणते. तरीही पोट भरल्याची जी जाणीव मुलाला उपजतच असते ती आपण मोठी माणसेच अशा आग्रहाने बोथट करतो, असे माझे ठाम मत झाले आहे.

अमेरिकेतील बार्बरा रोल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तीन वर्षांची मुले, वाढलेले कमी असो वा जास्त, साधारण तेवढेच खात होती. पाच वर्षांची मुले मात्र ताटात जास्त असले की जास्त खात होती. २००३ सालच्या दुसऱ्या एका प्रयोगात मुख्य पदार्थ दुप्पट वाढल्यावर मुलांनी तो २५ टक्के अधिक खाल्ला, आणि तोही घासांची संख्या वाढवून नव्हे, तर मोठे घास घेऊन. त्याच मुलांना स्वतःच्या हाताने वाढून घेऊ दिले, तेव्हा त्या मोठ्या वाढपाच्या मानाने त्यांनी तो २५ टक्के कमी खाल्ला. हे वाचल्यावर मी सासूबाईंना एवढेच म्हटले, "आई, त्याचे त्याला घेऊ द्या." डाव लहान आणला, ताटही लहान केले, काय शिजवायचे आणि केव्हा जेवायचे ते आम्ही ठरवायचे, किती खायचे ते त्याने. पहिल्या आठवड्यात तो फारच कमी घेई आणि चार वाजताच भुकेला होई, त्यामुळे सासूबाई अस्वस्थ असत, आणि खरे सांगायचे तर मीही. आता तो दीड डाव भात घेतो, लागला तर पुन्हा मागतो.

वाढपाचा हाच परिणाम भाजीच्या बाजूनेही वळवता येतो, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. जेवणाच्या सुरुवातीला ३० ऐवजी ६० ग्रॅम गाजर समोर ठेवल्यावर लहान मुलांनी ते ४७ टक्के अधिक खाल्ले, असे २०१० सालच्या एका अभ्यासात दिसले. पावसाळ्यात आमच्याकडे तवशी, म्हणजे काकड्या, मुबलक मिळतात. हुमण गरम होईपर्यंत त्यांच्या फोडींची ताटली मी मुलांपुढे नुसती ठेवते, "खा" असे म्हणत नाही.

चौदा वर्षांच्या मुलीचा प्रश्न निराळा आहे. या वयात शरीर वाढत असते, भूकही खरी असते. १३ ते १५ वर्षांच्या मुलीला दिवसाला ३० मिलिग्रॅम लोह लागते, त्याच वयाच्या मुलाला २२, असे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची २०२० सालची शिफारस सांगते. आमची मुलगी जेवताना भात कमी घेई आणि शिकवणीहून परतताना वेफर्सचे मोठे पाकीट आणि थंड पेयाची बाटली संपवी. अशा २५० मिलिलिटर पेयात सुमारे २६ ग्रॅम साखर असते. दोन हजार कॅलरींच्या आहारात अशी साखर ५० ग्रॅमच्या आत, आणि शक्यतो २५ ग्रॅमच्या आत असावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. तिला "कमी खा" असे घरात कोणीही म्हणायचे नाही, हा नियम मी केला आहे, कारण चतुर्थीला जमलेल्या पाहुण्यांपैकी एकाने तिच्या अंगाबद्दल काढलेल्या एका उद्गारानंतर ती दोन दिवस नीट जेवली नव्हती. त्याऐवजी ती घरी येण्याच्या वेळेला मी अळसांद्यांचे तोणाक (चवळीसारख्या कडधान्याची रस्साभाजी) आणि पोदेराकडची, म्हणजे पाववाल्याकडची, पोयी हा पाव तयार ठेवते. दोन पोया घेतल्या तरी मी काही बोलत नाही.

शाळेच्या डब्याचे गणित अजून पुरते जमलेले नाही. "डबा संपवलास का?" असे मात्र मी आता विचारत नाही. काय उरले आहे ते पाहते आणि दुसऱ्या दिवशी तेवढे कमी भरते.