एक रायफल, दोन बॅरल : ट्रिगरची निवड आणि पुढची जुळवाजुळव

अ‍ॅक्शन (बॅरल आणि ट्रिगर ज्याला जोडतात तो, काडतूस आत ढकलून बंद करणारा बोल्ट धरून, रायफलीचा गाभा) हाती आल्याला आता तीन आठवडे झाले. तिच्यावर क्रमांक कोरलेला असल्यामुळे अमेरिकी कायद्याच्या दृष्टीने तीच ‘रायफल’ आहे. त्यामुळे ती परवानाधारक दुकानदाराकडे मागवून ४४७३ क्रमांकाचा (बंदूक खरेदीचा सरकारी) अर्ज भरल्यावरच मला मिळाली. बॅरल, ट्रिगर, चॅसी (ज्यात रायफल बसवतात तो सांगाडा) हे सारे मात्र टेक्सासमधल्या माझ्या दारात नेहमीच्या टपालाने येते. १९५९ च्या भारतीय शस्त्र अधिनियमाच्या व्याख्येत शस्त्राचे सुटे भागही शस्त्रच ठरतात, त्यामुळे मायदेशातल्या नेमबाज मित्रांनी ही नोंद केवळ वाचनासाठी घ्यावी.

बेत साधा आहे. सरावासाठी स्वस्त पडणारे .२२३ रेमिंग्टन आणि लांब पल्ल्यासाठी ६.५ क्रीडमोर, ही दोन्ही काडतुसे एकाच रायफलीतून. .३०८ चे तिसरे बॅरल पुढे केव्हातरी घेईन. त्याच्या काडतुसाचा बूड क्रीडमोरएवढाच, म्हणजे १२ मिलिमीटर व्यासाचा असल्याने त्याला बोल्टच्या बाबतीत वेगळा खर्च नाही. .२२३ चा बूड मात्र ९.६ मिलिमीटरच असतो आणि त्याला बोल्टचे तोंड वेगळेच लागते. झर्मॅट कंपनीची ‘ओरिजिन’ अ‍ॅक्शन मी याच कारणासाठी घेतली, कारण तिच्या बोल्टचे फक्त डोके बदलता येते आणि मागचा सगळा दांडा तोच राहतो.

हा मुद्दा ट्रिगरशी थेट जोडलेला आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. बोल्ट पुढे ढकलून खाली वळवताना काडतुसाच्या बुडावर आदळणाऱ्या फायरिंग पिनच्या शेपटाचा कॉकिंग पीस ट्रिगरच्या सिअरवर (ट्रिगर ओढेपर्यंत त्याला धरून ठेवणाऱ्या तुकड्यावर) अडतो आणि स्प्रिंग ताणलेली राहते. सिअर किंचित जरी मागे बसलेला असला, तरी कॉकिंग पीस लवकर अडतो, उरलेली स्प्रिंग आपल्याला हाताने दाबावी लागते आणि बोल्ट बंद करताना शेवटी जडपणा जाणवतो. प्रत्येक कॅलिबरसाठी स्वतंत्र बोल्ट घेतला असता, तर दोन कॉकिंग पीस आणि एक सिअर यांचे जुळणे दोनदा तपासावे लागले असते. डोके बदलण्याच्या पद्धतीत ही तपासणी एकदाच करून भागते. कॅलिबर बदलले तरी बोटाखालचा अनुभव तोच राहावा, एवढ्यासाठीच तर हा सगळा खटाटोप आहे; .२२३ वर गिरवलेली सवय क्रीडमोरवर उपयोगी पडली नाही, तर सरावाच्या बॅरलला अर्थ उरत नाही.

ओरिजिनचा ट्रिगर रेमिंग्टन ७०० च्या मापाचा असतो. ती रायफल १९६२ मध्ये आली आणि तिच्या मापांभोवती सुट्या भागांची एवढी मोठी बाजारपेठ उभी राहिली की अडचण होते ती पर्याय फार असल्याची. माझा पहिला कल ट्रिगरटेक कंपनीच्या ‘डायमंड’कडे होता, त्याची ओढ (तो सुटायला लागणारा जोर) चार औंसांच्याही खाली, म्हणजे शंभरएक ग्रॅमवर आणता येते. मित्राच्या रायफलीवर तो वापरून पाहिला. बेंचवर बसून तो स्वर्गीय वाटला. मग ओणवे होऊन, धाप लागलेली असताना, लाकडी अडथळ्यावर रायफल टेकवून पुन्हा प्रयत्न केला, तेव्हा लक्ष्य नीट दिसण्याआधीच फायरिंग पिन सुटली. काडतूस नव्हते, तरी घाम फुटला. शाळेत असताना एनसीसीच्या .२२ वर आम्हाला ‘चाप झटकू नका, दाबत राहा’ असे बजावले जायचे. त्या रायफलीचा चाप एवढा कडक होता की दाबण्यावाचून गत्यंतरच नसायचे. इथे दाबायला काही उरलेच नव्हते.

शेवटी त्याच कंपनीचा ‘स्पेशल’ घेतला. तो एक ते साडेतीन पौंडांपर्यंत जुळवता येतो, आणि सिअर व ट्रिगर यांच्यामध्ये रोलर असल्याने पृष्ठभाग एकमेकांवर घासत सरकत नाहीत. त्यामुळे ओढ जास्त असली तरी खरखर जाणवत नाही. मी तो दीड पौंडावर, म्हणजे सुमारे ६८० ग्रॅमवर ठेवला आहे. स्पर्धेत उतरणारे अनेक जण याहून हलका ठेवतात. त्यांचा सराव तेवढा असतो, माझा नाही.

एक चूक मात्र केली. रेमिंग्टनच्या मूळ रचनेत बोल्ट बाहेर काढण्याची कळ ट्रिगरलाच जोडलेली असते, तर ओरिजिनला स्वतःचा बोल्ट स्टॉप आहे. तेव्हा ट्रिगर कळ नसलेलाच हवा होता. घाईत मी कळ असलेला मागवला, आणि बदली ट्रिगर येईपर्यंत दहा दिवस हात चोळत बसलो.

बसवल्यानंतरच्या चाचण्या कंटाळवाण्या असल्या तरी टाळण्यासारख्या नाहीत. काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवली, चेंबर (बॅरलमधली काडतुसाची जागा) रिकामे असल्याचे दोनदा पाहिले आणि मग बोल्ट जोरात आपटून वीस वेळा बंद केला. सेफ्टी लावून ट्रिगर ओढला, सोडला, आणि त्यानंतर सेफ्टी काढली. रबरी हातोड्याने चॅसीवर चारही बाजूंनी ठोके दिले. पिन एकदाही सुटली नाही. सुटली असती, तर स्क्रू फिरवत न बसता ट्रिगर उतरवून परत पाठवला असता.

बॅरलबाबत थोडक्यात सांगतो. दोन्हींच्या आतल्या वळणदार खाचांचा पीळ आठ इंचांत एक फेरा असा निवडला आहे; .२२३ मध्ये ७५ ते ७७ ग्रेन वजनाच्या आणि क्रीडमोरमध्ये १४० ग्रेनच्या गोळ्या त्यात नीट स्थिरावतात. मॅगझिन दोन घ्यावी लागली, कारण .२२३ चे काडतूस आखूड आणि बारीक असल्याने त्याला आतून वेगळ्या मापाची पेटी हवी. प्रत्येक बॅरलचे हेडस्पेस (बोल्टच्या तोंडापासून चेंबरमध्ये काडतूस जिथे अडते तिथपर्यंतचे अंतर) मात्र ते बसवताना दरवेळी गेजने मोजायचे, असे मी ठरवले आहे. काल .२२३ चे बॅरल चढवले. फायरिंग पिन आणि (रिकामे काडतूस बाहेर फेकणारा) इजेक्टर काढलेला बोल्ट ‘गो’ गेजवर नुसत्या बोटाच्या भाराने खाली आला आणि ‘नो-गो’वर अर्ध्यातच थांबला, म्हणजे अंतर योग्य आहे.

दुर्बिणीचे शून्य (नेम आणि गोळी एकाच जागी पडण्याची जुळणी) बॅरलगणिक हलणारच, म्हणून वहीत दोन रकाने आखले आहेत. पहिला या शनिवारी रेंजवर भरेन. दुसरा क्रीडमोरचे बॅरल येईपर्यंत कोराच राहील.