शुक्रवारची प्रार्थनासभा आणि लाल चोपडी

बेळगावच्या आपल्या शाळेत मी गणित शिकले, व्याकरण शिकले, शिवणकाम शिकले, आणि त्या सर्वांसाठी मी शाळेची ऋणी आहे. परंतु आयुष्यभर रोज उपयोगी पडलेली गोष्ट कोणती असे कोणी विचारले, तर मी शुक्रवारच्या प्रार्थनासभेचे नाव घेईन. ज्या देशांत आपले पाऊल कधी पडण्याची शक्यता नाही, तेथील मंडळ्यांसाठी, म्हणजे ख्रिस्ती उपासक समुदायांसाठी, आणि तेथे सेवा करणाऱ्या स्त्री-पुरुषांसाठी नाव घेऊन, गरज समजून घेऊन आणि उत्तराची वाट पाहत प्रार्थना कशी करावी, हे त्या सभेत आम्हा मुलींना शिकवले गेले. इमारती, निकाल आणि खेळांतील ढाली यांविषयी या स्मरणिकेत इतर जण लिहितीलच. मी त्या सभेविषयी लिहिते.

ही गोष्ट 1970 नंतरच्या दशकातील. शाळा सुटल्यावर बोर्डिंगच्या मुली सभागृहात जमत. आमच्यात खानापूर, निपाणीकडच्या मराठी बोलणाऱ्या मुली होत्या, तशाच बैलहोंगल, गोकाककडच्या कन्नड बोलणाऱ्याही होत्या. 1956 साली बेळगाव मुंबई राज्यातून तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेले, आणि त्यानंतर भाषेवरून जी तेढ राहिली तिची झळ मोठ्या माणसांच्या बोलण्यातून आमच्यापर्यंतही पोहोचत असे. सभागृहात मात्र एका शुक्रवारी प्रार्थना मराठीत होई आणि पुढच्या शुक्रवारी कन्नडमध्ये, आणि गोकाकच्या मुलीने मडागास्करच्या मंडळीसाठी कन्नडमध्ये केलेल्या प्रार्थनेला आम्ही खानापूरकडच्या मुली मनापासून ‘आमेन’ म्हणत असू. दोघींनाही परका असलेला तिसरा देश मध्ये असला, की आपापसांतील अंतर कमी होते, असे मला तेव्हापासून वाटत आले आहे. बाहेरून येणाऱ्या हिंदू आणि मुसलमान मैत्रिणींना या सभेची सक्ती नव्हती. तरीही नकाशा पाहण्यासाठी काही जणी आवर्जून थांबत.

सभा चालवीत असत भूगोलाच्या बाई. त्यांच्याजवळ लाल कापडी बांधणीची लांबट चोपडी होती, व्यापारी पेढीवर ठेवतात तशी. प्रत्येक पानावर त्यांनी पट्टीने चार रकाने आखलेले असत: देश, मंडळी किंवा व्यक्ती, त्यांनी मागितलेली गोष्ट, आणि शेवटचा रकाना उत्तराचा. तिसऱ्या रकान्याबाबत बाई अत्यंत काटेकोर होत्या. त्या मंडळीने स्वतः पत्रातून जे मागितले असेल तेवढेच तेथे लिहायचे. त्यांना कशाची गरज असावी याचा आपण आपल्या मनाने अंदाज बांधायचा नाही. पत्र आलेच नसेल, तर त्या शुक्रवारी त्या मंडळीसाठी केवळ उपकारस्तुती करायची. निळी हवाईपत्रे पाळकसाहेबांकडे, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूंकडे, येत आणि तेथून बाईंकडे. त्या पत्र सावकाश वाचून दाखवीत, मग एखाद्या मुलीला उठवून नकाशावर ते गाव शोधायला लावीत, आणि गाव सापडेपर्यंत कोणी डोळे मिटायचे नाहीत असा नियम होता. जुलै महिन्यात बेळगावचा पाऊस कौलांवर असा कोसळे की प्रार्थना करणारीचा आवाज पुढच्या रांगेलाही ऐकू येत नसे. तेव्हा बाई तिला थांबवीत आणि सर थोडी ओसरल्यावर, सोडलेल्या वाक्यापासून पुन्हा सुरू करायला सांगत. ज्या मंडळीसाठी प्रार्थना चालली आहे तिचे नाव प्रत्येकीला ऐकू गेलेच पाहिजे, असा त्यांचा आग्रह असे. ‘जगातील सर्व मिशनऱ्यांना आशीर्वाद दे’ एवढे म्हणून कोणी बसली, तर तिला पुन्हा उभे राहावे लागे.

आपणही कोणाच्या तरी प्रार्थनेचा विषय होतो, हे बाईंनी आम्हाला पहिल्यांदा सांगितले. 1795 साली स्थापन झालेल्या लंडन मिशनरी सोसायटीचे, म्हणजे लंडन मिशनचे, मिशनरी जोसेफ टेलर 1820 साली बेळगावात आले. त्याच्या कितीतरी आधी, 1784 साली, इंग्लंडमधील नॉर्दम्प्टन परिसराच्या बाप्तिस्त मंडळ्यांनी दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी सुवार्तेच्या, म्हणजे ख्रिस्ताच्या संदेशाच्या, प्रसारासाठी एकत्र जमून प्रार्थना करण्याचे ठरवले होते. मराठीत बायबलचा नवा करार छापून घेणारे विल्यम केरी त्याच वर्तुळातून पुढे आले, आणि पहिल्या सोमवारचा तो प्रघात इतर पंथांच्या मंडळ्यांतही रुजला. म्हणजे जी गावे आमच्या आजी-पणजींनी ऐकलीही नव्हती, तेथील विणकर आणि चांभार हिंदुस्थानसाठी प्रार्थना करीत बसलेले होते. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडन मिशनने बेळगावचे काम मेथडिस्ट पंथाच्या मिशनच्या हाती दिले. संस्था बदलली, परंतु प्रार्थनेचे हे देणे आपल्या खाती राहिलेच, असे बाई म्हणत.

मडागास्करचे पान चोपडीत सुरुवातीलाच होते, कारण ती मंडळीही लंडन मिशनचीच. तेथे 1818 साली पहिले मिशनरी उतरले. 1835 साली राणी रानावालोना हिने ख्रिस्ती उपासनेवर बंदी घातली. मिशनऱ्यांना देश सोडावा लागला, आणि 1837 साली रासालामा नावाच्या स्त्रीला विश्वासासाठी प्राण द्यावे लागले. लोकांनी पवित्र शास्त्राच्या (बायबलच्या) प्रती जमिनीत पुरून जपल्या. 1861 साली राणीचे निधन झाले आणि दार पुन्हा उघडले, तेव्हा परदेशी शिक्षकांवाचून राहिलेली ती मंडळी संख्येने पूर्वीपेक्षा वाढलेली आढळली. मिशनरी निघून गेले म्हणजे काम संपले असे नव्हे, आणि प्रार्थना ही मिशनरीपुरती न करता तेथील माणसांसाठी करायची, ही गोष्ट रासालामेच्या कथेने आमच्या मनावर जितकी ठसली तितकी ती कोणत्याही उपदेशाने ठसली नसती.

चीनचे पान मात्र वेगळे होते. त्यातील पहिले दोन रकाने भरलेले, तिसरा रिकामा आणि चौथाही रिकामा. 1949 नंतरच्या काही वर्षांत परदेशी मिशनरी तेथून बाहेर पडले, आणि 1966 साली सांस्कृतिक क्रांती सुरू झाल्यावर प्रार्थनामंदिरांना कुलपे लागली. पत्र नाही, बातमी नाही. तरीही ते पान ठरलेल्या शुक्रवारी उघडले जाई. तेथे कोणी उरले असेल का, असे एकीने विचारले, तेव्हा बाई म्हणाल्या, की ते आपल्याला ठाऊक नाही, आणि ज्याला ठाऊक आहे त्याच्याशीच आपण बोलतो आहोत. माझे शिक्षण संपल्यानंतर, 1979 साली, निंगबो आणि शांघाय येथील मंदिरे पुन्हा उपासनेसाठी उघडली. पुढे एकदा बाईंना भेटायला गेले असता त्यांनी ती चोपडी माझ्यापुढे ठेवली. चौथ्या रकान्यात त्यांच्या टपोऱ्या अक्षरांत ते साल आणि त्या दोन शहरांची नावे होती, आणि तिसऱ्या रकान्यात आता एक नवी ओळ होती: शास्त्राच्या प्रती हव्या आहेत.

सर्वच उत्तरे अशी नव्हती. 1977 च्या फेब्रुवारीत युगांडाचे आर्चबिशप जनानी लुवुम यांची इदी अमीनच्या राजवटीत हत्या झाली. त्या देशाचे पान आम्ही त्याच वर्षी उघडले होते, कारण तेथील मंडळीची शताब्दी होती. बातमी आल्यावर काही मुली रडल्या, आणि आपली प्रार्थना वाया गेली का, हा प्रश्न सर्वांच्याच चेहऱ्यावर होता. बाईंनी त्याचे तयार उत्तर दिले नाही. त्या शुक्रवारी त्यांनी एवढेच केले, की लुवुम यांच्या नावापुढे काहीही न लिहिता खालच्या ओळीत त्यांच्या कुटुंबाची आणि युगांडाच्या मंडळीची नोंद केली, आणि आम्ही त्यांच्यासाठी प्रार्थना केली. भीती दाटलेली असतानाही तेथील विश्वासणाऱ्यांनी त्या वर्षी आपली शताब्दी साजरी केली. उत्तराचा रकाना भरण्याची घाई करू नये, हे मी तेव्हा शिकले, आणि दुःखाच्या वेळी घाईने अर्थ सांगू पाहणाऱ्यांपासून मी आजही थोडी दूर राहते.

आपल्या परिसराचा या प्रार्थनेशी असलेला संबंध फार थोड्यांना माहीत आहे, म्हणून तो येथे नोंदवते. निपाणीहून बसने थोडक्या वेळात गाठता येते त्या कोल्हापुरात, अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर यांच्या घरी 1863 साली रॉबर्ट वाइल्डर यांचा जन्म झाला. पुढे प्रिन्स्टन येथे शिकत असताना ते आणि त्यांची बहीण ग्रेस, परदेशी सेवेसाठी महाविद्यालयांतून तरुण पुढे यावेत म्हणून मिळून प्रार्थना करीत. 1886 साली मॅसॅच्युसेट्समधील माउंट हर्मन येथे भरलेल्या विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात शंभर तरुणांनी स्वतःला त्या सेवेसाठी वाहून घेतले, आणि त्यातूनच विद्यार्थी स्वयंसेवक चळवळ उभी राहिली. तसेच, जानेवारीच्या आरंभी आपल्या मंडळ्यांत जो प्रार्थना सप्ताह पाळतात त्याची हाक परदेशातून आलेली नाही. 1858 साली लुधियाना येथील प्रेस्बिटेरियन मिशनऱ्यांनी सर्व जगातील मंडळ्यांना आवाहन केले आणि 1860 च्या जानेवारीत पहिला सप्ताह पाळला गेला. हिंदुस्थानच्या मातीतून निघालेली हाक जगाने ऐकली, याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

मिरजेच्या मिशन रुग्णालयात परिचारिकेचे शिक्षण घेऊन मी पुढे बहरीनला नोकरीसाठी गेले. तेथे शुक्रवार हा सुट्टीचा दिवस, म्हणून मंडळीची मुख्य उपासनाही शुक्रवारीच होत असे. एकाच आवारात सकाळपासून रात्रीपर्यंत वेगवेगळ्या भाषांच्या मंडळ्या आपापल्या वेळेला येत. अरबी उपासना संपवून बाहेर पडणारी कुटुंबे आणि आत शिरणारे मल्याळी, तमिळ बांधव दारातच एकमेकांना सलाम करीत. अमेरिकेतील रिफॉर्म्ड मंडळीच्या माणसांनी 1889 साली सुरू केलेल्या अरेबियन मिशनचे ते फळ होते, आणि त्या मिशनचेही पान बाईंच्या चोपडीत होते. तेथे असताना माझ्या गावच्या मंडळीतून पत्र आले, की तुझे नाव आता आम्ही घेतो. ज्यांच्यासाठी प्रार्थना होते त्यांना ती कशी वाटते, हे मला तोवर ठाऊक नव्हते. रात्रपाळीत, परक्या भाषेत कण्हणाऱ्या रुग्णाजवळ उभी असताना, आपले नाव खानापूर तालुक्यातील एका छोट्या मंदिरात उच्चारले जात आहे, या जाणिवेने किती बळ मिळते ते मी शब्दांत सांगू शकणार नाही.

आता काळ बदलला आहे आणि तो बऱ्याच अंशी चांगला बदलला आहे. एकाने पाठवायचे आणि दुसऱ्याने हात पुढे करायचा, अशी जुनी रचना राहिलेली नाही. लंडन मिशनच्या परंपरेतून 1977 साली कौन्सिल फॉर वर्ल्ड मिशन ही नवी रचना झाली. तिच्यात आफ्रिका, आशिया, पॅसिफिक, कॅरिबियन आणि युरोप येथील मंडळ्या एका पंगतीला बसून निर्णय घेतात, आणि सेवक कोणत्याही दिशेने जातात. म्हणून आज आपण सहयोगी मंडळीसाठी प्रार्थना करतो ती बरोबरीच्या नात्याने करावी, कीव करून नव्हे, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. 2019 च्या पुनरुत्थानाच्या (ईस्टरच्या) रविवारी श्रीलंकेत नेगोंबो, कोलंबो आणि बट्टिकलोआ येथील चर्चमध्ये स्फोट झाले, तेव्हा आपण त्यांच्यासाठी रडलो. पण नंतरच्या वर्षांत त्या कुटुंबांचे काय झाले हे विचारणारी पत्रे किती गेली?

व्हॉट्सॲपवर बातमी क्षणात येते, आणि खोटी बातमीही तितक्याच वेगाने येते. अफगाणिस्तानात इतक्या मिशनऱ्यांना उद्या फाशी होणार आहे, तातडीने प्रार्थना करा, हा संदेश मी वर्षानुवर्षे तसाच फिरताना पाहते आहे. तो खरा नाही. प्रार्थनेसाठी पुढे पाठवण्यापूर्वी बातमी त्या देशातील मंडळीकडून किंवा आपल्या मंडळीच्या कार्यालयातून पडताळून घ्यावी. जेथे विश्वास उघड करणे धोक्याचे आहे, तेथील माणसांची नावे, छायाचित्रे आणि गावे तर कधीच गटावर टाकू नयेत. देवाला नाव ठाऊक आहे. ते साऱ्या गटाला ठाऊक असण्याची गरज नाही. बाईंचा तिसऱ्या रकान्याचा नियम आजही मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो: त्यांनी काय मागितले आहे ते आधी विचारा.

जागतिक प्रार्थना दिवसाची रचना नेमकी याच नियमावर उभी आहे. मार्चच्या पहिल्या शुक्रवारी होणाऱ्या या उपासनेचा क्रम दरवर्षी एका देशातील स्त्रिया लिहितात आणि इतर सारे देश त्यांच्या शब्दांत प्रार्थना करतात. 2025 साली तो पॅसिफिकमधील कुक बेटांच्या स्त्रियांनी बायबलमधील स्तोत्र 139 वरून लिहिला होता. टेलर बेळगावात आल्याच्या दुसऱ्याच वर्षी, 1821 साली, लंडन मिशनचा पापेइहा हा पॅसिफिक बेटांवरचाच शिक्षक त्या बेटांवर उतरला होता. आपण आणि ते एकाच प्रार्थनेची नातवंडे आहोत, हे आमच्या महिला मंडळात सांगितल्यावर बायकांनी कुक बेटांचा नकाशा मागून घेतला.

2026 चा क्रम नायजेरियाच्या स्त्रियांनी लिहिला आहे, आणि कष्टी व भाराक्रांत जनांना येशूने दिलेले मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या अकराव्या अध्यायातील बोलावणे हा त्याचा विषय आहे. तो दिवस 6 मार्चला, म्हणजे शुक्रवारीच येतो. मुख्याध्यापिकाबाईंना माझी विनंती आहे, की त्या दिवशी शाळा सुटल्यावर सभागृह उघडे ठेवावे, भिंतीवर आफ्रिकेचा मोठा नकाशा लावावा, आणि मराठी व कन्नड अशा दोन्ही भाषांत मुलींना तो क्रम वाचू द्यावा. नकाशाचा आणि नव्या चोपडीचा खर्च मी आनंदाने करीन.